क्ष = क्ष + १ हे पोरांना पटत नाही, आणि पोरांचंच बरोबर आहे

दरवर्षी फर्स्ट इयरची नवी बॅच येते तेव्हा त्यात जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, शिराळा इकडची पोरं बरीच असतात. मराठी शाळेतून आलेली, बीजगणितात झकास मार्क पाडलेली, आणि कॉम्प्युटर म्हणाल तर मोबाईल सोडून दुसरं काही हातात न आलेली. मी सांगलीत विश्रामबागला त्यांना प्रोग्रामिंग शिकवते, आणि दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या तासाला एक प्रसंग ठरलेलाच असतो. सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवताना फळ्यावर लिहिलं जातं, क्ष = क्ष + १. आणि मागच्या बाकावरनं कोणीतरी म्हणतं, "मॅडम, दोन्हीकडचा क्ष गेला की शून्य बरोबर एक उरतंय की."

बरोबर बोललं ते पोरगं. शाळेनं इतकी वर्षं त्याला हेच शिकवलंय की बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, एकीच्या जागी दुसरी ठेवली तरी काही बिघडत नाही. आणि आपण त्याला सांगतो की ते सगळं बाजूला ठेव, इथं क्ष म्हणजे एक डबा, त्यातलं काढ, एक मिळव, परत त्याच डब्यात टाक. पाठोपाठ कीबोर्डवरनं आकडा वाचून घेणारा स्कॅनएफ येतो, त्यात क्षच्या आधी अँडचं चिन्ह लावायचं, का लावायचं तर "पॉइंटरच्या चॅप्टरला कळेल", सेमिकोलन राहिला की कंपायलर, म्हणजे कोड तपासून मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम, भलत्याच ओळीवर बोट ठेवतो, आणि महिनाभरात ज्या पोराला गणित मनापासून आवडायचं ते म्हणायला लागतं, मला कोडिंग जमत नाही. मला हे बघवत नाही, म्हणून हा लेख.

कारण दुसरी वाट आहे, आणि ती काही नवी नाही. सुरुवात फंक्शनल लँग्वेजपासून करायची, म्हणजे जिथं प्रोग्राम गणितातल्या सूत्रांसारखा लिहितात अशा भाषेपासून. स्कीम, रॅकेट, हॅस्केल, ओकॅमल ही त्यातली काही नावं. या भाषांमध्ये बरोबर म्हणजे बरोबरच, शाळेतलं. क्ष एकदा ५ आहे म्हटलं की तो शेवटपर्यंत ५. निदान शिकवताना तरी आपण तसंच वागतो.

हे अवघड वाटत असेल तर एक्सेल आठवा. ए१ मध्ये दुधाचे लिटर, बी१ मध्ये दर, आणि सी१ मध्ये सूत्र, ए१ गुणिले बी१. आधी हे कर मग ते कर असं तुम्ही एक्सेलला कधी सांगितलं नाही, फक्त सी१ म्हणजे काय ते सांगितलं, लिटर बदलले की रक्कम आपोआप बदलते. आता त्याच एक्सेलमध्ये ए१ च्या चौकटीत ए१ + १ असं सूत्र टाकून बघा, लगेच सर्क्युलर रेफरन्स म्हणून तक्रार येते. म्हणजे मागच्या बाकावरच्या पोराचं जे म्हणणं तेच एक्सेलचं म्हणणं. गावातल्या डेअरीत बसून एक्सेलवर हिशोब करणारा माणूस खरं तर फंक्शनल पद्धतीनंच विचार करत असतो, त्याला कोणी तसं सांगितलेलं नसतं एवढंच.

डेअरीचा विषय निघालाच आहे तर फंक्शन म्हणजे काय तेही तिथंच बघू. संकलन केंद्रावर गायीचं दूध आलं, फॅट ३.५ लागलं, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ८.५ लागलं, दरपत्रकात बघितलं, दर ठरला. हे फंक्शन. आत दोन आकडे गेले, बाहेर एक आकडा आला. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की तेच फॅट आणि तोच एसएनएफ असेल तर दर तोच यायला पाहिजे, सकाळी घातलं काय, शेजाऱ्यानं घातलं काय. नाहीतर भांडण होईल आणि व्हायलाच पाहिजे. अशा फंक्शनला प्युअर म्हणतात. आता समजा मशीननं दर काढता काढता तुमच्या खात्यातनं पेंडीची उधारी पण कापून घेतली. विचारला होता फक्त दर, पण दर विचारल्यामुळे खात्यात बदल झाला, आणि दोनदा विचारला तर उधारी दोनदा कापली जाईल. याला साइड इफेक्ट म्हणतात. उधारी कापायलाच नको असं नाही, ती कापावीच लागते, पण दर काढणं वेगळं आणि खात्याला हात लावणं वेगळं, दोन्हींची सरमिसळ झाली की चूक कुठं झाली ते सापडत नाही. सीमध्ये नवखी पोरं ही सरमिसळ पहिल्याच दिवसापासून करतात, कारण सगळी भाषाच डब्यात टाका आणि डब्यातनं काढा अशी आहे.

प्युअर फंक्शनचा शिकवताना सगळ्यात मोठा फायदा काय, तर प्रोग्राम कागदावर चालवता येतो. (खऱ्या कोडमध्ये इंग्रजी अक्षरं असतात, मी इथं मराठीत लिहितेय.)

दुप्पट क्ष = क्ष + क्ष

आता दुप्पट (दुप्पट ३) किती? आतलं सोडवा, ३ + ३ म्हणजे ६, मग दुप्पट ६, म्हणजे ६ + ६, म्हणजे १२. नववीच्या वहीत आपण जसं पायरीखाली पायरी मांडायचो तसंच. मेमरीत काय चाललंय, कुठल्या डब्यात आत्ता काय आहे, याचा तक्ता डोक्यात धरून ठेवावा लागत नाही. रॅकेटबरोबर येणाऱ्या डॉक्टररॅकेट या सॉफ्टवेअरमध्ये स्टेपर नावाची सोय आहे, तिचं बटण दाबलं की प्रोग्राम अगदी असाच पायरी पायरीनं सोडवून दाखवला जातो. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, मॅडम हे तर "पदावलीला सोपं रूप द्या" आहे. होय, तेच आहे.

पुढचा अडथळा रिकर्शनचा, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच परत बोलावण्याचा. सीमध्ये रिकर्शन उशिरा येतं आणि जादूसारखं येतं, फॅक्टोरियलचं एक उदाहरण पाठ करायचं आणि परीक्षेत लिहायचं. फंक्शनल भाषेत पहिल्या दहा दिवसातच त्याला सामोरं जावं लागतं, कारण लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावायची सोय, सुरुवातीला नसतोच. मी उदाहरण घेते गळीत हंगामातलं. साखर कारखान्याच्या बाहेर रात्री उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागलेली असते, मागच्या गाडीवाल्याला जाणून घ्यायचंय की आपल्या पुढं किती गाड्या. खाली उतरून चालत मोजत जायला नको, पुढच्या गाडीवाल्याला विचारायचं, तुझ्या पुढं किती? तो त्याच्या पुढच्याला विचारतो, तो त्याच्या पुढच्याला, असं करत करत जो गव्हाणीवर, म्हणजे कारखान्यात ऊस टाकतात तिथं, उभा आहे त्याच्यापर्यंत प्रश्न पोचतो, तो म्हणतो माझ्या पुढं कोणी नाही, शून्य. मग उत्तर उलटं मागं येतं, प्रत्येक जण ऐकलेल्या आकड्यात एक मिळवून मागच्याला सांगतो.

पुढे (गव्हाणीवरची गाडी) = ०
पुढे (बाकी कुठलीही गाडी) = १ + पुढे (तिच्या पुढची गाडी)

दोन ओळी, संपलं. इथं पोरं एकच चूक करतात, सगळी रांग एकदम डोक्यात चालवायला बघतात आणि चक्रावतात. मी म्हणते, रांगेचा विचार करूच नका, तुमच्या पुढचा माणूस बरोबर उत्तर देणार आहे यावर विश्वास ठेवा, तुमचं काम फक्त एक मिळवायचं. आणि गव्हाणीवरच्याला विसरू नका, तो नसेल तर प्रश्न पुढं पुढंच जात राहील. ज्यांनी अकरावीच्या गणितात इंडक्शन केलंय त्यांना हे लगेच ओळखीचं वाटतं.

आता जो भाग मला सगळ्यात जास्त प्रिय आहे तो सांगते, माझ्या मते फंक्शनल भाषेनं शिकवायचं खरं कारण हेच आहे. माहितीचा आकार जसा, तसाच प्रोग्रामचा आकार. माहिती नीट मांडली की प्रोग्राम अर्धा लिहून झालेला असतो.

उदाहरण वारसांचं. आमच्या पोरांपैकी निम्म्यांनी तरी घरात सातबाऱ्यावरनं झालेली बोलणी ऐकलेली असतात, कोणाला किती गुंठे, हे त्यांना शिकवावं लागत नाही. आजोबांची ८ एकर जमीन, म्हणजे ३२० गुंठे. आजोबा वारले, मुलं चार. प्रत्येकाला ८०. पण दुसरा मुलगा आधीच वारलेला, त्याला दोन मुली, म्हणून प्रत्येकीला ४०. त्यातली एक मुलगीही वारली, तिला दोन लेकरं, त्यांना २०, २०. (कायद्यातले बारकावे, पत्नीचा हिस्सा वगैरे, आत्ता बाजूला ठेवू.) मी आधी कोड लिहू देत नाही. आधी विचारते, माणूस म्हणजे काय? आपल्या कामापुरतं माणूस म्हणजे एक नाव, तो जिवंत की मयत, आणि त्याच्या मुलांची यादी. मुलं कोण? तीही माणसंच, म्हणजे माणसाच्या व्याख्येत परत माणूस आला. जिथं व्याख्या स्वतःकडे वळली तिथंच प्रोग्रामही स्वतःकडे वळणार, हे इथं डोळ्यांनी दिसतं.

वाटणी (माणूस, गुंठे):
माणूस जिवंत असेल तर, त्याच्या नावावर तेवढे गुंठे
मयत असेल तर, त्याच्या प्रत्येक मुलासाठी वाटणी (मूल, गुंठे भागिले मुलांची संख्या), आणि आलेल्या सगळ्या याद्या एकत्र जोडा

एवढंच. किती पिढ्या आहेत, कोणाला किती मुलं, कशाचीच फिकीर नाही. हेच काम पहिल्या सेमिस्टरच्या सीमध्ये करायचं म्हटलं तर आधी स्ट्रक्चर, मग पॉइंटर, मग मॅलॉक ही माहिती मेमरीत मांडायची साधनं शिकावी लागतात, म्हणजे वाटणीचा विचार सुरू व्हायच्या आधीच सेमिस्टर संपतं.

आणि खरी गंमत यापुढं झाली. कोड लिहायच्या आधी प्रत्येकानं तीन-चार उदाहरणं उत्तरासकट कागदावर लिहायची हा माझा नियम, आणि शेवटी एक तपासणी, सगळ्यांचे गुंठे मिळून ३२० च यायला पाहिजेत, जमीन वाढत नाही आणि विरघळतही नाही. एका मुलीच्या उदाहरणात मयत माणूस होता आणि त्याला मूलबाळ नव्हतं. काय होणार? मुलांची संख्या शून्य, शून्यानं भागायची वेळ आली, आणि नाही भागलं तरी त्याचा हिस्सा कोणालाच जात नाही, बेरीज ३२० येत नाही. मी उत्तर सांगितलं नाही. वर्गात पाऊण तास चर्चा झाली, आणि आपल्या सोप्या केलेल्या नियमात तोडगा निघाला तो असा की वाटणी करायच्या आधीच ज्या शाखेत कोणीच उरलेलं नाही ती शाखा यादीतनं वगळायची, आणि उरलेल्यांत भागायचं. मग शाखेत कोणी उरलंय का हे कसं ठरवायचं?

उरलंय (माणूस): माणूस जिवंत असेल तर हो, नाहीतर त्याच्या मुलांपैकी एकासाठी तरी "उरलंय" चं उत्तर हो आलं तर हो, नाहीतर नाही

बघा, परत तोच आकार. दुसरं फंक्शन लिहिताना कोणी अडखळलं नाही. ज्या पोरांनी महिनाभरापूर्वी कीबोर्डवर कंस शोधले होते ती ट्रीवर, म्हणजे झाडासारख्या फांद्या फुटलेल्या माहितीवर, चालणारा प्रोग्राम लिहीत होती, बऱ्याच अभ्यासक्रमांत हे दुसऱ्या वर्षाच्या डेटा स्ट्रक्चरमध्ये येतं. सगळ्या उदाहरणांवर खरी राहिली पाहिजे अशी गोष्ट सांगायची, आपल्याकडं ती ३२० ची बेरीज, आणि मग शेकडो उदाहरणं मशीनला बनवायला लावून तपासायचं, या कल्पनेवर हॅस्केलमध्ये क्विकचेक नावाचं साधन २००० साली आलं, आता जवळपास प्रत्येक भाषेत त्याची नक्कल आहे.

तलाठ्याच्या दप्तराचा अजून एक धडा. जमिनीची मालकी बदलली तर फेरफाराच्या जुन्या नोंदीत खाडाखोड करून नवं नाव घालत नाहीत, नवा फेरफार घालतात, जुना तिथंच राहतो. फंक्शनल भाषेतली माहिती अशीच असते, जुनी बदलत नाही, तिच्यावरनं नवी तयार होते. मागं जाऊन बघता येतं, आणि आपल्या नकळत कोणी काही बदललं असं होत नाही.

याद्यांचं काम लूपशिवाय कसं करायचं हे थोडक्यात सांगते. पावसाळ्यात आख्खी सांगली कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट झालं ते बघत असते, ४० ला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला तर ५७ च्या वर गेलेलं. समजा रोजच्या पातळ्यांची यादी आहे. धोक्याच्या वरचे दिवस किती? यादी गाळा, ४५ च्या वरचे ठेवा, मोजा. मीटरमध्ये पाहिजे? प्रत्येकावर फुटाचं मीटर करणारं फंक्शन चालवा. सगळ्यात जास्त पातळी? सगळी यादी गोळा करत एका आकड्यावर आणा. गाळणं म्हणजे फिल्टर, प्रत्येकावर चालवणं म्हणजे मॅप, गोळा करणं म्हणजे फोल्ड नाहीतर रिड्यूस. लूपमधला मोजणीचा आय शून्यापासून की एकापासून, लेस दॅन की लेस दॅन ऑर इक्वल, हा त्रासच नाही. गूगलनं २००४ मध्ये हजारो मशीनवर काम वाटून द्यायची मॅपरिड्यूस नावाची पद्धत जाहीर केली तेव्हा ही नावं आणि कल्पना लिस्पमधनंच घेतली होती. एका दिवसाचा आकडा बदलायला दुसऱ्या दिवसाची गरज नसेल तर दोन्ही कामं दोन मशीनवर एकदम करता येतात, साधी गोष्ट आहे.

लिस्प म्हणजे या घराण्यातली जुनी आजी, जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये तिचं काम सुरू केलं. तिच्याही मागं आहे अलोंझो चर्च यांचं १९३० च्या दशकातलं लॅम्बडा कॅल्क्युलस, म्हणजे फंक्शनचंच गणित, इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर यायच्या आधीचं. एक्सेलमध्ये २०२० च्या अखेरीस लॅम्बडा नावाचं फंक्शन आलं ते नाव तिथलंच. १९७५ मध्ये एमआयटीत स्टील आणि ससमन यांनी स्कीम केली, आणि तिच्यावर एबलसन आणि ससमन यांनी प्रोग्रामिंगचा सुरुवातीचा कोर्स उभा केला, त्याचं पाठ्यपुस्तक १९८५ चं. भाषेचे नियम इतके थोडे की शिकवायचा वेळ भाषेवर जातच नाही, कल्पनांवर जातो. पण त्या कोर्समधली उदाहरणं गणित आणि इलेक्ट्रिकलकडं झुकलेली, ज्याला तो विषय येत नाही तो अडकायचा. हे ओळखून फेलाइसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतच वेगळी पद्धत बसवली, आधी माहितीची व्याख्या, मग उदाहरणं, मग व्याख्येवरनं सांगाडा, मग कोड, मग टेस्ट. २००१ मध्ये ती पुस्तकरूपात आली आणि रॅकेट याच परंपरेतलं. मी वारसांचं शिकवते ते याच पायऱ्यांनी. आपल्याकडं चेन्नई मॅथमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये हॅस्केल शिकवलं जातं आणि तिथल्या प्राध्यापकांचा हॅस्केलचा कोर्स एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आहे, घरबसल्या बघता येतो.

२००१ मध्येच टेक्सास विद्यापीठानं पहिल्या कोर्समधलं हॅस्केल काढून जावा आणायचं ठरवलं तेव्हा नावाजलेले संगणकशास्त्रज्ञ डाइकस्ट्रा यांनी विरोधाचं पत्र लिहिलं. त्यातला एक मुद्दा मला फार पटतो, बहुतेक मुलं आधीच कुठं ना कुठं नेहमीच्या पद्धतीचं प्रोग्रामिंग बघून आलेली असतात, फंक्शनल भाषा समोर आली की त्यांना पहिल्याच दिवशी कळतं की या विषयात आपल्याला वाटलं त्यापेक्षा जास्त काहीतरी आहे. माझ्या वर्गात याची दुसरी बाजू दिसते. शहरातल्या शाळेत पायथन करून आलेला मुलगा आणि जतहून आलेली मुलगी, रॅकेटसमोर दोघंही नवखे. सी असतं तर पहिल्याच दिवशी एक जण पुढं आणि दुसरी गप्प. इथं दोघांचं भांडवल एकच, शाळेतलं बीजगणित, आणि त्यात ती बऱ्याचदा वरचढ निघते.

यावर पालक विचारतात, नोकरीचं काय? प्रश्न रास्त आहे. इंटरव्ह्यूला सी, जावा, पायथनच विचारतात, आणि एमआयटीनंसुद्धा २००० च्या दशकाच्या शेवटी स्कीम सोडून पायथन घेतलं. म्हणून मी चार वर्षं फंक्शनल शिकवा असं म्हणत नाही, सुरुवातीचे सहा ते आठ आठवडे म्हणते. नंतर सी शिकायलाच पाहिजे, मेमरी कशी चालते, ऑपरेटिंग सिस्टिम कशी चालते हे सीशिवाय नीट कळत नाही. पण तेव्हा पोरांना माहीत असतं की डब्यातला आकडा बदलणं ही एक निवड आहे, आणि ती कधी करायची. शिवाय शिकलेलं वाया जात नाही, जावामध्ये २०१४ पासून लॅम्बडा आहे, पायथनमध्ये मॅप आणि फिल्टर आहेत, व्हॉट्सॲपचा सर्व्हर एरलँग या फंक्शनल भाषेवर उभा राहिला.

भाषा कुठली, तर नवख्यांसाठी माझं मत रॅकेट. हॅस्केल सुंदर आहे, पण पहिल्या महिन्यात त्याचे एरर मेसेज पोरांना घाबरवतात, आणि स्क्रीनवर दोन ओळी छापायच्या म्हटलं तरी मोनाड या अवघड कल्पनेचं नाव निघतं. रॅकेटमध्ये २ + ३ ऐवजी कंसात आधी अधिक मग २ मग ३ असं लिहावं लागतं, त्याबद्दल आठवडाभर तक्रारी येतात, मग थांबतात.

करून बघायचं असेल तर डॉक्टररॅकेट फुकट आहे, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं, लँग्वेजच्या यादीत बिगिनिंग स्टुडंट निवडा. सुरुवात उसाच्या रांगेनं करा, मग वाटणी. वाटणी जमली की मयत मुलाच्या पत्नीलाही त्याच्या मुलांइतकाच हिस्सा द्या, त्यासाठी माणसाच्या व्याख्येत काय वाढवावं लागेल ते आधी कागदावर लिहा, "उरलंय" मध्ये काय बदलेल तेही बघा, आणि शेवटी बेरीज ३२० येते का ते तपासा.